कल्हईचा डोंगर

मामा दिल्लीला येऊन तीन दिवस झाले तरी त्याने लाल किल्ल्याचं नाव काढलं नव्हतं. मेट्रोत बसायचीही हौस दाखवली नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी गॅलरीत चहा घेता घेता म्हणाला, "तोशाम किती दूर आहे रे इथून?"

मी गुरुग्राममध्ये अकरा वर्षं राहतोय. तोशाम हे नाव रस्त्यावरच्या हिरव्या पाटीवर कधीतरी वाचलं असेल, एवढीच ओळख. "कशाला जायचंय तिथे?"

"कथील पाहाले."

मामा कुही तालुक्यातला. नोकरीची बत्तीस वर्षं त्याने ड्रिलिंग मशीनवर काढली. आधी हेल्पर, मग ड्रिलर, शेवटी शिफ्टचा साहेब. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर मुख्यालय असलेलं, १९७२ साली स्थापन झालेलं मिनरल एक्स्प्लोरेशन कॉर्पोरेशन, म्हणजे एमईसीएल. आमच्याकडे त्याला नुसतं 'मिनरल' म्हणत. "मामा मिनरलमध्ये आहे" म्हटलं की पुढे कोणी विचारत नसे, कारण मामा कधी घरी नसेच. खेतडीचं तांबं, बस्तरचं कथील, कुठला तरी कोळसा. दिवाळीला आला तर हाताला ग्रीसचा वास आणि खिशात एखादा दगड.

कथलाचं वेड मात्र नोकरीच्या आधीचं. त्याच्या लहानपणी गावात कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा करून त्यात निखारे, चामड्याचा भाता, लाल झालेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट, पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात फिरवायचं. काळंकुट्ट भांडं आतून चांदीचं व्हायचं. मामाने त्याला विचारलं होतं, हे कथील येतं कुठून? "मुंबईहून." आणि मुंबईत कुठून? कल्हईवाला जरा थांबून म्हणाला, "बोटीतून." मामाच्या म्हणण्याप्रमाणे देशाच्या खनिज धोरणावर इतकं खरं आणि इतकं थोडक्यात त्याला पुढे कोणत्याही भूवैज्ञानिकाने सांगितलं नाही. आजही देशात कथील निघतं ते छत्तीसगडात, बस्तरच्या बाजूला. बाकीचं बोटीतूनच येतं.

आणि दिल्लीच्या अंगणात कथलाचा एक डोंगर आहे, हे त्याने खेतडीच्या कॅम्पवर ऐकलं होतं. तिथे त्याने कधी काम केलं नव्हतं. "सगळे सांगत. पाहिला कोणीच नव्हता."

शनिवारी पहाटे निघालो. झज्जर, चरखी दादरी, भिवानी, तोशाम. जानेवारीचं धुकं झज्जरपर्यंत पुरलं. मध्ये बेरीच्या बाजूला जहाजगढ आहे. तो जॉर्ज थॉमस नावाच्या आयरिश माणसाने बांधला. लोकांनी जॉर्जचं जहाज केलं. हा माणूस आधी अप्पा खंडेराव या मराठा सरदाराच्या चाकरीत होता आणि पुढे हांसीला जाऊन स्वतःचं राज्यच मांडून बसला. म्हणजे या मुलखात मराठी माणूस नवा नाही, फक्त पूर्वी तो घोड्यावरून महसुलासाठी यायचा. मामाला इतिहासात रस नव्हता. दादरीच्या अलीकडे मात्र तो खिडकीची काच खाली करून बसला, कारण जवळच कलियाणाची टेकडी आहे आणि तिथे वाकणारा दगड मिळतो. खरोखर वाकणारा. वाळूच्या कणांची एकमेकांत अशी गुंतागुंत असते की पातळ लांब फरशी दोन्ही टोकांना धरून हलवली तर ती लवते. तिथले लोक त्याला हिलना पत्थर म्हणतात. मामाने तो एका म्युझियममध्ये काचेआड पाहिला होता. "येताना थांबू," मी म्हणालो. येताना अंधार पडला होता, हे आधीच सांगून टाकतो.

भिवानी हा जिल्हा २०१३ पासून कागदोपत्री राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात आहे. कागद बाजूला ठेवला तर भिवानीच्या पुढे राजधानीचं काहीही उरत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरी पिवळी झालेली, तिच्यामध्ये वाळूच्या टेकाडांची पाठ, बांधावर खेजडी, जिला इकडे जांटी म्हणतात. मामाने एवढं सगळं पाहून एकच शेरा मारला: "पाण्याचा टँकर लागेल." तो निसर्गाचं वर्णन नव्हतं करत. मनातल्या मनात तो इथे मशीन उभं करत होता.

मग सपाट वाळूतून एकदम डोंगर उठले. सह्याद्री बघून वाढलेल्या डोळ्यांना हे डोंगर चुकीचे वाटतात. आपल्याकडे थरावर थर, पायऱ्या, माथ्यावर पठार. इथे माथा नाही, पायऱ्या नाहीत, तांबूस दगडांचा नुसता ढीग, जणू कोणीतरी ट्रकमधून ओतून गेलं. सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. हा दगड सुमारे पंचाहत्तर कोटींचा. राजस्थानच्या मालाणी भागात जो प्रचंड ज्वालामुखी उद्रेक झाला त्याच कुटुंबातला. वर ऱ्हायोलाइट, खाली ग्रॅनाइट, आणि ग्रॅनाइट थंड होताना शेवटी उरलेलं गरम पाणी भेगांतून वर आलं त्याने आपल्याबरोबर कथील, तांबं, टंगस्टन आणून त्या भेगांत ठेवलं. मामा हे सांगताना हाताने दाखवतो: कुकरची शिट्टी होते तेव्हा झाकणाच्या कडेने डाळीचं पाणी बाहेर येऊन सुकतं, तसं. "आपल्या सह्याद्रीत कुकर नाही. तो उघड्या कढईतला शिरा." शिरा म्हणजे बेसॉल्ट. त्याच्यात कथील सापडायचं नाही. मामाच्या कुहीत मात्र कुही-खोबना पट्ट्यातलं टंगस्टन आहे, हे त्याने तीन वेळा सांगितलं.

आधी खानकला गेलो. संस्कृतात खनक म्हणजे खणणारा. लाक्षागृहातून पांडवांना सोडवायला विदुराने पाठवला तो खनकच. या गावाचं नाव त्यावरूनच पडलं असा दावा मी करत नाही, पण गावाने नाव सार्थ केलंय. गाव दिसायच्या आधी धूळ दिसते. क्रशरमागून क्रशर, वर पट्ट्यावर चढणारा दगड, खाली तीन ढीग: मोठी खडी, बारीक खडी, भुकटी. झाडांची पानं पांढरी, चहाच्या टपरीवरच्या बरण्या पांढऱ्या, चहावाल्याच्या भुवयाही पांढऱ्या. डोंगराला अर्धवर्तुळाकार कापलेलं, आत सरळ भिंती. जवळच्या डाडममध्ये १ जानेवारी २०२२ रोजी अशीच कडा कोसळून पाच माणसं गाडली गेली. टपरीवर विषय काढला तर चहावाल्याने नुसतं त्या दिशेला तोंड फिरवलं.

डंपर भरून निघत होते. मी विचारलं, कुठे जातात? "गुडगाँव. दिल्ली. सब जगह." माझी इमारत सतरा मजली आहे. मी काही बोललो नाही.

मामा भिंगातून ढिगातली खडी बघत होता. हा दगड खडीसाठी उत्तम: कठीण, चिवट, पाणी न पिणारा. पण याच गावाने पुरातत्त्वज्ञांना गेल्या काही वर्षांत फार कामाला लावलंय. नरेश कोछड या चंडीगडच्या भूवैज्ञानिकांनी आणि राजेश कोछड, दिलीप चक्रवर्ती यांनी १९९९ साली एक शोधनिबंध लिहिला. म्हणणं असं की सिंधू संस्कृतीच्या कांस्याला लागणारं कथील तोशाम भागातून गेलं असू शकतं. कांसं म्हणजे तांबं आणि साधारण दहावा हिस्सा कथील. तांबं कुठलं, याचं उत्तर सोपं: खेतडीची रांग इथून शंभरेक किलोमीटरवर. कथलाचं उत्तर अवघड, कारण कथील जगातच थोड्या ठिकाणी आहे, आणि विद्वान बरीच वर्षं अफगाणिस्तानकडे बोट दाखवत आले. पुढे बनारस हिंदू विद्यापीठाच्या रवींद्रनाथ सिंह यांच्या गटाने खानकलाच खणलं आणि हडप्पापूर्व व हडप्पाकालीन वस्तीबरोबर धातुकामाच्या खुणा वर काढल्या. वाद संपलेला नाही. तोशामचं कथील थोडं, शिरा अरुंद, एवढ्यावर एवढी मोठी संस्कृती चालेल का, असं विचारणारे आहेतच. पण नकाशावर पट्टी ठेवून बघा. इथून राखीगढी पन्नासेक किलोमीटर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांनी जिथे उत्खनन केलं ती राखीगढी. घराजवळ दुकान असताना माणूस काबूलला जाईल का, हा प्रश्न माझा. विद्वानांचा नव्हे.

मामीच्या घरी काशाची वाटी आहे. उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून ती वाटी घासतात, तळवे काळे होतात आणि उष्णता गेली असं म्हणतात. मामा म्हणाला, "त्या वाटीतला कथलाचा हिस्सा इथला असता तर?" नाही, तो बोटीतलाच असणार. पण पाच हजार वर्षांपूर्वी इथे कोणी तरी बोट न बघता कथील हातात धरलं असेल, या कल्पनेने मामा इतका खूश झाला की त्याने क्रशरवाल्यांच्या मुकादमाला बोलावून ते समजावून सांगितलं. मुकादमाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "रोडी कितनी चाहिए?"

दुपारी धाब्यावर बाजरीची रोटी येईपर्यंत मी मामाला विचारलं की डोंगरात खनिज आहे की नाही हे कळतं कसं. इतक्या वर्षांत मी हे त्याला कधी विचारलंच नव्हतं. त्याने स्टीलचा पेला उलटा करून टेबलावर गोल गोल फिरवला.

बोअरवेलचं मशीन दगडाचा चुरा करून बाहेर फेकतं, कारण त्याला पाणी हवं असतं, दगड नको. मामाच्या मशीनला दगड हवा, तोही अखंड. म्हणून नळीच्या तोंडाशी हिऱ्याचे कण बसवलेली पोकळ बिट असते. ती कडेने कापत जाते आणि मधला दगड काठीसारखा नळीत चढतो. तीन मीटर झाले की थांबायचं, नळी वर काढायची, काठी बाहेर घ्यायची. हीच कोअर. लांबट खोक्यात ओळीने मांडायची, कुठली काठी किती खोलीवरची ते लाकडी ठोकळ्यावर लिहायचं. जुन्या मशीनवर आतली कोअर काढायला सगळ्या नळ्या एकेक करून वर घ्याव्या लागत. दीडशे मीटरवर गेल्यावर तीन मीटर दगडासाठी अर्धा दिवस नुसता चढ-उतार. पुढे वायरलाइन आली, दोरीला अडकवून फक्त आतली नळी वर यायला लागली, आणि मामाच्या मते ड्रिलरांचे खांदे तेव्हाच नाजूक झाले.

"आणि दिसत काही नाही ना तुला? खाली काय चाललंय ते?"

"कानाने दिसते." मशीनचा आवाज बदलला की दगड बदलला. हँडलची थरथर हातात येते, मऊ शीर लागली की ती हळूच सुटते. परत येणाऱ्या पाण्याचा रंग बघायचा: दुधाळ म्हणजे ग्रॅनाइट, लालसर म्हणजे भेग. पाणी यायचं एकदम थांबलं तर खाली पोकळी आहे, आणि आता बिट अडकायच्या आत काय ते करायचं. बत्तीस वर्षांत त्याच्या दोन बिटा खाली राहिल्या. त्यांच्या जागा त्याला अजून तोंडपाठ आहेत.

मग कोअर भूवैज्ञानिकाकडे. ज्या भागात काही दिसतं तो भाग उभा चिरतात, अर्धा प्रयोगशाळेत, अर्धा जपून. ज्या भागात काही नाही तो अखंड राहतो. आणि बहुतेक भाग अखंडच राहतो. मामाने हिशोब करून दाखवला: चार सेंटिमीटर जाडीची कोअर, दोनशे मीटर भोक, सगळी हाती लागली तरी वजन पाऊण टन. बाहेरून गेलेल्या एका डंपरमध्ये अशी पंचवीस-तीस भोकं मावतील. खानकच्या डोंगराचं पोट निघालं, पण त्या पोटात काय होतं ते विचारत बसायला डंपरला वेळ नसतो.

तोशाममध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने मागच्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कथलाचा शोध घेतला, भोकंही पाडली. खाण काही झाली नाही. कथील होतं, पण पातळ शिरांत विखुरलेलं. २००८ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे मिहिर देब आणि जपानी संशोधकांनी इथल्या शिरांवर लिहिलं ते कथलासाठी नव्हे, इंडियमसाठी. मोबाइलच्या काचेवर बोट फिरतं ते इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडच्या पारदर्शक थरामुळे. २०२३ साली केंद्र सरकारने ३० अतिमहत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, तिच्यात कथील, टंगस्टन, इंडियम तिन्ही आहेत. यादी निघाली तेव्हा मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तो यादी वाचून म्हणाला होता, "आता यांना आठवण आली."

जेवून तोशामच्या डोंगरावर चढलो. निम्म्या वाटेवर कातळावर गुप्तकालीन ब्राह्मी लेख आहे. तो वाचून छापला फ्लीटने, १८८८ साली. हाच फ्लीट मुंबई इलाख्यात कलेक्टरी करता करता आपल्याकडचेही शिलालेख वाचत फिरला. लेखाचा विषय काय, तर सोमत्रात नावाच्या आचार्याने इथे भगवंताचं घर आणि दोन तळी बांधली. दीड हजार वर्षांपूर्वी या कातळावर टाकी घेऊन बसलेल्या माणसालाही सांगण्यासारखी गोष्ट वाटली ती पाण्याची. वर कुंड आहेत. आम्ही गेलो तेव्हा एकात हिरवं पाणी आणि दुसऱ्यात वेफर्सची पाकिटं होती. मामा कुंडाकडे पाठ करून कातळाच्या भेगा बघत होता. एका भेगेत बोटभर जाड गारेची शीर, कडेला तपकिरी-काळे ठिपके. भिंगातून बराच वेळ पाहिलं. "कथील?" मी विचारलं. "असू शकते. टूरमलीनही असू शकते. लॅबशिवाय बोलणारा माणूस खोटारडा." त्याने हातोडी काढली नाही, कारण लेखाच्या एवढ्या जवळ हातोडी काढली तर आपल्याला धरतील असं मीच त्याला बजावलं होतं.

उतरताना पायथ्याच्या वस्तीत एका घरापुढे खाटेवर एक म्हातारा हुक्का घेऊन बसला होता. मामाने राम राम केला आणि आपल्या नागपुरी हिंदीत विचारलं, "ताऊ, इधर पहले कभी सरकारी मशीन आई थी क्या? पहाड़ में छेद करनेवाली?"

म्हाताऱ्याचे डोळे एकदम उजळले. आली होती की. तेव्हा तो ऐन पंचविशीत. तंबू लागले होते, रात्रभर मशीन चालायची, सगळं गाव बघायला जायचं. सगळ्यांना वाटलं सरकार पाणी काढतंय. महिनाभर वाट बघितली. "पाणी कोन्या लिकड्या," तो म्हणाला, "पत्थर लिकड्या." उलट गावाचंच पाणी टँकरने मशीनला जायचं.

मामा मोठ्याने हसला. बत्तीस वर्षांत त्याला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच होता. बस्तरात गोंडीत, खेतडीत मारवाडीत, कुठे तेलुगूत: पाणी लागलं का? आणि दर वेळी नाही म्हणताना आपण काहीतरी चोरलंय असं वाटायचं.

"पत्थर के डंडे," म्हाताऱ्याने हाताने जाडी दाखवली. आणि मग आत वळून हाक मारली. आतून त्याची बायको आली, पदर डोक्यावर, हातात कुंडीतला बत्ता. म्हणजे बत्ताच वाटला मला. वीतभर लांब, गुळगुळीत, गोल, तांबूस दगड, एक टोक झिजून घुमटासारखं झालेलं. म्हाताऱ्याच्या धाकट्या भावाने तो त्या वेळी खोक्यातून पळवला होता. आईने मिरच्या कुटायला घेतला. आई गेली, भाऊ गेला, दगड आहे.

मामाने तो दोन्ही हातांनी घेतला. बोटांच्या वेढ्यात धरून जाडी मोजली. "बीएक्स," तो मला म्हणाला, मग स्वतःशीच पुन्हा म्हणाला, "बेचाळीस मिलिमीटर. बीएक्स." थुंकी लावून एक जागा ओली केली, भिंग डोळ्याला लावलं, फिरवत फिरवत सगळीकडून पाहिलं. गुलाबी फेल्डस्पार, गार, अभ्रकाचे कण. झिजलेल्या टोकाला लाल मिरचीचा रंग भेगेत बसलेला.

"आहे का काही?"

"चिरला नाही," मामा म्हणाला. "म्हणजे यात काही नव्हतं असं साहेबाला वाटलं. नाही तर..." आणि तो पुन्हा हसायला लागला. "नाही तर साहेबाने पाहायच्या आधीच पोट्ट्याने पळवला. लॉगमध्ये लिहिलं असेल, कोअर लॉस वीस सेंटिमीटर. ड्रिलरने शिव्या खाल्ल्या असतील बिचाऱ्याने. नळीतून दगड पडू दिला म्हणून."

माझ्याकडे बघून त्याने डोळ्यांनीच खूण केली. मी म्हाताऱ्याला विचारलं, हा दगड द्याल का? हवे तेवढे पैसे घ्या. शहरातून येताना नवा खलबत्ता आणून देऊ.

म्हातारा बायकोकडे बघायला लागला. तिने मामाच्या हातातून दगड काढून घेतला, मामाने जिथे थुंकी लावली होती ती जागा पदराने खसाखसा पुसली आणि म्हणाली, "यो कोन्या द्यूं."

मग तिने आम्हाला बसायला सांगितलं. आत पाण्याचा आवाज आला, बहुतेक दगड धुतला जात होता. नंतर कुंडीत दगडाचे ठोके. ताटात रोट्या, वर लोण्याचा गोळा, कडेला लसूण-मिरचीची चटणी. आम्ही नुकतेच जेवून आलोय हे सांगायचं मी तोंडावर आणलं होतं. मामाने चटणी बोटाने चाखली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने आणखी एक रोटी मागून घेतली.